एक ओळ, एक पान: सात दिवसांत बाळाचं टोपडं आणि एक छोटी कादंबरी

विणता विणता वाचता येतं का, हा प्रश्न गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत इतक्या जणींनी विचारलाय, आणि काही पुरुषांनीही, की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं. तर येतं. पहिल्यांदा सुया हातात घेणाऱ्यालाही येतं, फक्त आठवडाभर धीर धरावा लागतो आणि दोन निवडी नीट कराव्या लागतात, विणायला काय घ्यायचं आणि वाचायला काय घ्यायचं. नवीन माणूस नेमका इथेच फसतो, विणायला थेट स्वेटर घेतो, वाचायला सहाशे पानांची कादंबरी घेतो आणि पंधरा दिवसांत दोन्ही कपाटात जातात.

मफलर सोपा वाटतो म्हणून बरेच जण मफलरपासून सुरुवात करतात. पण जरा हिशोब करून बघा. १८ सेंटीमीटर रुंदीला साधारण ३६ टाके लागतात, दीड मीटर लांबीला ६०० ओळी, गुणाकार केला की २१,६०० टाके. नवीन हात मिनिटाला पंधराएक टाके विणतो, म्हणजे २४ तास झाले. रोज एक तास बसलात तरी जवळजवळ महिना लागणार, आणि पहिल्या महिन्यात काहीच पुरं झालं नाही तर माणूस परत सुयांकडे वळत नाही, हे मी खूप जणींच्या बाबतीत बघितलंय.

म्हणून माझ्या मते पहिल्या आठवड्यात तान्ह्या बाळाचं टोपडं विणावं. आपल्याकडे बाळंतविड्यात दुपटी, झबली, कुंची यांच्याबरोबर टोपडं असतंच, आणि ओळखीत, नात्यात, शेजारी कुठे ना कुठे कोणाला दिवस गेलेले असतातच, त्यामुळे ते पडून राहत नाही. आपण ते आडवं विणणार आहोत, म्हणजे ३४ टाक्यांची एक पट्टी, १३६ ओळींची. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे एकच साधा टाका, तो सोमवारी शिकू. शेवटी ती पट्टी गोल जोडायची आणि एका बाजूने चुण्या घालून ओढून घ्यायची. ४,६२४ टाके, पाच तास आणि वर थोडं. एवढंच.

आणि आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ३४ टाक्यांच्या एका ओळीला सव्वादोन मिनिटं लागतात, मराठी कादंबरीचं एक पान सावकाश, हात चालू ठेवून वाचलं तर त्यालाही साधारण तेवढीच. म्हणजे एका ओळीला एक पान. टोपडं १३६ ओळींचं, तर कादंबरीही तेवढ्याच पानांच्या आसपासची घ्यायची, दोन्ही रविवारी बरोबर संपतात.

सामान काय आणायचं

सुया ८ नंबरच्या, एक जोडी, सरळ. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा कारण मी त्यात पोळलेय. आपल्याकडे दुकानात सुयांचे नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीने चालतात, नंबर मोठा तशी सुई बारीक, १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर चार, ६ नंबर पाच. अमेरिकेत बरोबर उलटं आहे, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि तिथली ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. मी माझ्या भाचीसाठी पहिली टोपी अमेरिकन पॅटर्न बघून विणली, त्यात ८ लिहिलं होतं, मी इथली ८ नंबर घेतली आणि टोपी तिच्या डोक्यावर बसेचना. आठ दिवस मन लावून विणलेलं, खूप वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी नंबर बघतच नाही, मिलिमीटर बघते, तुम्हीही तेच करा.

सुया बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या घ्या. अॅल्युमिनियमच्या सुया हात बसल्यावर छान पळतात, पण नवीन असताना त्यावरून टाके घसरतात, आणि आपली नजर पुस्तकात असणार आहे.

लोकर मध्यम जाडीची, चार पदरी, एक ५० ग्रॅमचा गुंडा पुरतो, उरतोसुद्धा. लुधियानाची लोकर सगळीकडे मिळते, वर्धमान, ओसवाल ही नावं दुकानदाराला सांगितली की तो लगेच काढून देतो. बहुतेक वेळा ती अॅक्रिलिक असते, खऱ्या लोकरीपेक्षा स्वस्त आणि धुवायला सोपी, बाळासाठी मऊ बघून घ्या, गालाला लावून बघा, बोटांना मऊ लागलेली लोकर गालाला कधी कधी टोचते. केसाळ लोकर बाळाला नको, तिचे तंतू तोंडात जातात. रंग फिकट, हळदीसारखा पिवळा, आकाशी, पिस्ता, काहीही. काळा, गडद निळा, मरून मात्र पहिल्यांदा घेऊ नका, टाके दिसतच नाहीत, आणि रात्रीच्या दिव्यात तर अजिबातच नाही. मुंबई, कोकण, गोवा इकडे राहत असाल आणि हाताला घाम येत असेल तर सुती धागा घ्या, तो लोकरीइतका ताणला जात नाही एवढं लक्षात ठेवा, टोपडं दोन सेंटीमीटर मोठं करा.

शिवाय एक बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई, मेजरिंग टेप, कात्री, चार सेफ्टी पिना, आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. चिमटे कशाला ते पुढे येईल. हे सगळं लेस-बटणाच्या दुकानात मिळतं, तीनशे रुपयांच्या आत बसावं.

कादंबरी कोणती

विणताना वाचायचं पुस्तक निवडणं हे वेगळं काम आहे. दीडशे पानांच्या आतलं, सरळ पुढे जाणारं, माणसं थोडी असलेलं, आणि प्रसंग छोटे छोटे असलेलं. रहस्यकथा मी सुरुवातीला देत नाही. खुनी कोण ते कळायच्या आधीच्या पानांवर हात आपोआप आवळतो आणि टाकेही आवळतात, आमच्याकडे एका स्वेटरच्या पाठीवर मला आजही ती चार बोटांची घट्ट पट्टी दाखवता येते. उलट जिथे निवेदन सतत काळात पुढे-मागे जातं तिथे मागची पानं चाळावी लागतात, दोन्ही हात अडकलेले असताना ते जमत नाही.

मला कोणी एकच नाव विचारलं तर मी व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी सांगते. १९५५ साली आलेली, छोटी, औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालवायला गेलेल्या तरुण मास्तरची गोष्ट. वाक्यं छोटी आहेत, एक वाक्य वाचून नजर सुईवर आणून परत नेली तरी धागा तुटत नाही. आणि लोकर हातात असताना मेंढरांच्या वाडीची गोष्ट वाचायला एक वेगळीच मजा येते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, तिची घोंगडी होतात, बाळाचं टोपडं नाही होत. पण धनगर मेंढरांमागे चालताना हातातल्या चातीवर लोकर कातत असतो, नजर कळपावर आणि बोटं सुतावर, हे ज्याने बघितलंय त्याला विणता विणता वाचता येतं का हा प्रश्न पडणार नाही.

पुस्तक विकतच घ्यायला पाहिजे असं नाही. उलट लायब्ररीतलं, शंभर जणांनी हाताळलेलं पुस्तक यासाठी जास्त चांगलं, कारण ते उघडं ठेवलं की उघडं राहतं. नव्या पुस्तकाची बांधणी ताठ असते, ते मिटतं. आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, तुमच्या गावातही जुनं वाचनालय असेलच, जाऊन बघा एकदा, वर्गणी ऐकून आश्चर्य वाटेल. कादंबरी नकोच वाटत असेल तर एखादा दिवाळी अंक घ्या आणि त्यातल्या फक्त कथा वाचा, एका बैठकीला एक कथा होते.

सोमवार: एकच हालचाल

पहिल्या दिवशी पुस्तक जवळ ठेवू नका. फक्त सुया.

लोकरीच्या टोकापासून वीतभर सोडून एक सरकता फास करायचा, डाव्या सुईवर चढवायचा, हलका ओढायचा. हा पहिला टाका. आता उजव्या सुईचं टोक या फासात समोरून मागे घालायचं, उजवी सुई डावीच्या मागे जाते आणि दोन्ही सुयांची फुली होते. गुंड्याकडून येणारी लोकर मागच्या बाजूला असते, ती उजव्या सुईच्या टोकाखालून डावीकडे आणायची आणि दोन सुयांच्या मधल्या फटीतून वर काढून उजवीकडे घ्यायची. मग उजव्या सुईने ती लोकर धरून फासातून आपल्याकडे ओढून घ्यायची. उजव्या सुईवर नवीन फास आला बघा.

इथून पुढे दोन रस्ते आहेत. टाके घालायचे असतील तर हा नवीन फास डाव्या सुईवर चढवायचा, दुसरा टाका झाला, परत त्या दुसऱ्या टाक्यातून तसंच, तिसरा झाला. विणायचं असेल तर नवीन फास उजव्या सुईवरच राहू द्यायचा आणि डाव्या सुईवरचा जुना सोडून द्यायचा. म्हणजे टाके घालणं आणि सुलट विणणं यातली हालचाल एकच, शेवटच्या क्षणाचा काय तो फरक. टाके घालायच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि दुसऱ्या पद्धतींनी कड जास्त सुबक येते हेही खरं, पण एका दिवसात दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या की नवीन माणूस गोंधळतो, म्हणून मी हीच शिकवते. वाचून नाही कळलं तर व्हिडिओ बघा, हाताच्या गोष्टी डोळ्यांनी बघितलेल्या बऱ्या, आणि घरात आजी-आत्या-काकू कोणी विणणारी असेल तर तिच्या शेजारी बसा, व्हिडिओपेक्षा ते शंभर पटीने चांगलं.

२० टाके घाला. ओळ संपली की सुया हातात अदलाबदल करायच्या, भरलेली डाव्या हातात, रिकामी उजव्या, आणि परत सगळे सुलट. टाके सैल ठेवा. मला आत्याने शिकवलं तेव्हा ती सारखी म्हणायची, अगं सैल घाल, पुढच्या ओळीत तुलाच सुई घुसवायचीये त्यात. नवीन माणूस भीतीने लोकर आवळतो, टाका सुटेल म्हणून, आणि मग पुढच्या ओळीत सुई जातच नाही, बोटं दुखतात, आणि त्याला वाटतं विणकाम अवघड आहे. अवघड नाहीये, घट्ट झालंय.

अर्ध्या तासाने थांबा. मुठी उघड-मीट करा. झोपताना पुस्तकाची पहिली दहा पानं वाचा, सुया न घेता, म्हणजे माणसांची नावं डोक्यात बसतात.

मंगळवार: मोजमाप आणि चुका

सोमवारचाच तुकडा पुढे न्या. दोन ओळी झाल्या की कापडावर एक आडवी सरी उठलेली दिसते, दुसऱ्या बाजूलाही दिसते. ओळी मोजायच्या नाहीत, या सऱ्या मोजायच्या, एक सरी म्हणजे दोन ओळी. वीस सऱ्या झाल्या की तुकडा सपाट ठेवून रुंदी मोजा. २० टाक्यांची रुंदी १० सेंटीमीटर आली तर तुमचा हात माझ्यासारखा आहे आणि ३४ टाके बरोबर. ११ आली तर हात सैल आहे, टोपड्याला ३१ टाके घ्या. ९ आली तर घट्ट, ३८ घ्या. आपल्याला १७ सेंटीमीटर रुंद पट्टी हवीये एवढं खरं, टाके ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे.

हा तुकडा कोणी करत नाही, सगळ्यांना थेट वस्तू सुरू करायची असते. प्लीज करा. बाळाचं डोकं ठरलेल्या मापाचं असतं.

आता टाके मोजा. २० घातले होते ना, किती आहेत? पहिल्यांदा विणणाऱ्याच्या सुईवर २३-२४ निघतात, आणि तुकडा वर रुंद होत गेलेला असतो. माझा पहिला मफलर ४० टाक्यांनी सुरू होऊन ५३ वर पोचला होता आणि मला कळत नव्हतं की नवीन टाके येतात कुठून. ते ओळीच्या सुरुवातीला येतात. सुया बदलल्यावर लोकर कधी कधी सुईच्या वरून मागे गेलेली असते, त्यामुळे पहिला टाका ओढला जाऊन त्याचे दोन पाय सुईवर आडवे पडतात आणि ते दोन टाक्यांसारखे दिसतात, आपण दोन्ही विणतो, झाला एक जास्त. उपाय सोपा आहे, प्रत्येक ओळ सुरू करताना लोकर आधी खाली ओढायची, मग सुईच्या खालून मागे न्यायची, पहिला टाका एकटा उभा आहे ना ते बघायचं आणि मगच सुई घालायची. ही सवय आज लागली तर पुढे आयुष्यभर सुख आहे.

दुसरी चूक म्हणजे टाका गळणं. सुईवरून एक फास निसटतो आणि खाली शिडीसारखा उसवत जातो. घाबरायचं नाही, ओढायचं नाही, पहिल्यांदा त्या फासात सेफ्टी पिन अडकवायची. तिथे तो थांबला. एकच ओळ खाली गेला असेल तर सुईने उचलून परत वर घेता येतो. जास्त खाली गेला असेल तर सगळ्या सुलट ओळींच्या विणीत तो क्रोशाने वर आणताना एकदा पुढून आणि एकदा मागून घ्यावा लागतो, नवीन माणसाने तेवढ्या ओळी उसवून परत विणलेलं सोपं पडतं. उसवलेलं वाया जात नाही, लोकर तीच आहे आणि हात तेवढा तयार होतो.

रात्री परत दहा पानं.

बुधवार: टोपडं सुरू

तुमच्या मापाने टाके घाला, ३४ धरून चालू. आज दहा सऱ्या. आज डोळे सुईवर पाहिजेत पण कान मोकळे आहेत, तर कथा ऐका. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं अॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठीत ऐकायला भरपूर मिळतं, नाहीतर घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवायला सांगा, मोठ्याने वाचणारं माणूस घरात असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आमच्याकडे सासरे वाचायचे, आणि मी आणि सासूबाई विणायचो, त्या काळात किती पुस्तकं झाली मोजलंच नाही.

आज एक प्रयोग करा. पाच सऱ्या झाल्यावर अर्धी ओळ डोळे मिटून विणा. सुईचं टोक टाक्यात शिरताना बोटाला कळतं, लोकर वेढली की तर्जनीला हलका ओढ जाणवतो, जुना टाका सुटताना एक बारीक सैलपणा येतो. हे तीन क्षण बोटांना ओळखता आले की झालं. डाव्या हाताची तर्जनी सुईच्या टोकाजवळ ठेवा, पुढचा टाका तीच पुढे सरकवते. पहिल्यांदा दोन-तीन टाके चुकतील, डोळे उघडून दुरुस्त करा, परत मिटा.

गुरुवार: पुस्तक समोर

आज खरी सुरुवात. पुस्तक मांडीवर चालणार नाही, तिथे हात आहेत. समोर, छातीच्या उंचीला, थोडं तिरकं पाहिजे. पोथी वाचायला जी फुलीसारखी उघडणारी लाकडी घडी असते ना, ती सगळ्यात उत्तम, माळ्यावर असेल तर काढा. नसेल तर टेबलावर दोन जाड उशा किंवा डब्याला टेकवून पाट उभा करा. पानं दोन्ही बाजूंना त्या कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची, लायब्ररीचं पुस्तक असेल तर चिमट्याखाली कागदाची घडी ठेवा म्हणजे पानाला वळ पडत नाही. दिवा डाव्या खांद्यामागून. मोबाईल किंवा किंडलवर वाचत असाल तर अक्षर मोठं करा, एका पानावर कमी मजकूर बसला तरी चालेल, बोटाने एक टच केला की पान उलटतं ही मोठी सोय आहे.

पद्धत अशी. ओळीच्या सुरुवातीला डोळे सुईवर, पहिला टाका बघून विणायचा, लोकर खाली-मागे आहे ना खात्री करायची. दुसरा, तिसरा टाकाही बघून. मग नजर पुस्तकावर न्यायची आणि वाक्य पुरं होईपर्यंत वाचायचं, हात चालू. अडलं की हात थांबवायचा, नजर आणायची, सोडवायचं, परत जायचं. शेवटचे तीन टाके परत बघून. ओळ संपली, सुया बदलल्या, पान उलटलं. पान उलटायची योग्य वेळ म्हणजे ओळ संपल्यावरची, मधल्या टाक्यात सुई सोडून पान उलटायला गेलात की टाके गळतात. ओळ संपली पण पानाच्या चार ओळी राहिल्या, असं होणारच, तेव्हा हात थांबवून त्या चार ओळी वाचून टाका, नाहीतर पुढची ओळ त्याच पानावर सुरू करा. कुठेच घाई नाहीये.

पहिल्या दिवशी ओळीला पान होणार नाही, एका सरीला एक पान झालं तरी पुष्कळ. आज पंधरा सऱ्या. तेवढ्यात पंधरा पानं झाली तर उरलेली पंधरा रात्री झोपताना, नुसती.

एखादा परिच्छेद असा येतो की हात आपोआप थांबतात. तेव्हा सुया खाली ठेवा आणि वाचा. मी सुरुवातीला अशा वेळी हात चालवायचा हट्ट करायचे आणि मग ना विणलेलं नीट व्हायचं ना वाचलेलं मनात उतरायचं. पुस्तकाने हात थांबवले तर थांबू द्यावेत, मला तर नंतर ती जागा टोपड्यात दिसते, इथे आपण थांबलो होतो म्हणून.

उठताना रोज एक काम, बोथट सुईत वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओढून ठेवा, टाके विणायच्या सुईवरच राहतात. याला लाईफलाईन म्हणतात. उद्या मोठा घोटाळा झालाच तर तिथपर्यंत बिनधास्त उसवायचं, दोऱ्यापाशी उसवण थांबते. आणि ओळ अर्धवट ठेवून उठू नका, परत आल्यावर कुठल्या दिशेने चाललो होतो ते कळत नाही आणि मधेच उलटे फिरलात तर पट्टीच्या पोटात भोक पडतं.

शुक्रवार, शनिवार

शुक्रवारी अठरा सऱ्या, शनिवारी वीस. सांगण्यासारखं नवीन काही नाही, आता हात आणि डोळे आपापसात जमवून घेतात. दर दोन सऱ्यांनी टाके मोजा, ३४ आहेत ना. दर अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, मान फिरवा. मनगट दुखायला लागलं तर त्या दिवशी फक्त वाचा. या दोन दिवसांत बहुतेकांची ओळीला एक पान ही चाल बसते, आणि एकदा ती बसली की संध्याकाळचे दोन तास कुठे जातात कळत नाही, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या टीव्हीवर येत असतात, चहा गार होतो, आणि इकडे पट्टी हातभर झालेली असते.

शनिवारी रात्री लांबी मोजा. न ताणता, सपाट ठेवून. ३१-३२ सेंटीमीटरच्या आसपास असेल.

रविवार: जोडणी

उरलेल्या पाचेक सऱ्या आणि उरलेली दहा पानं. पट्टी ३४ सेंटीमीटर झाली की थांबा, सऱ्या ६८ झाल्या का ६५ याला महत्त्व नाही, टेप सांगेल ते खरं.

टाके बंद करणं: दोन टाके सुलट विणा. डाव्या सुईच्या टोकाने उजव्या सुईवरचा आधीचा टाका उचलून नंतरच्या टाक्यावरून पुढे घेऊन सोडून द्या. उजव्या सुईवर एक उरला. अजून एक विणा, परत आधीचा त्याच्यावरून काढा. असं शेवटपर्यंत, आणि अगदी सैल, इथे घट्ट झालं तर शिवण आखडते. एकच टाका उरला की दोन हात लांब लोकर सोडून कापा आणि ते टोक त्या टाक्यातून ओढून घ्या.

ते लांब टोक बोथट सुईत ओवा. ज्या लांब कडेपाशी ते निघालंय ती टोपड्याची वरची कड. त्या कडेवरच्या प्रत्येक सरीच्या टोकातून सुई एकदा वर, एकदा खाली असा साधा धावता टाका घालत जा, मग धागा हळूहळू ओढा, कड गोळा होऊन चुण्या पडतात आणि वरचं तोंड मिटतं. दोन-तीन टाके घालून पक्कं करा. मग त्याच धाग्याने सुरुवातीची कड आणि शेवटची कड एकमेकींना जोडत खाली या, सरीला सरी जुळवत. खालच्या कडेशी आलात की टोक आतल्या बाजूने आठ-दहा टाक्यांतून लपवा, उलट्या दिशेने परत चार टाके, आणि कापा. सुरुवातीचं वीतभर टोकही असंच लपवा. खालून दोन बोटं दुमडली की टोपडं तयार.

गोंडा, मणी, बटण, बांधायची नाडी यातलं काहीही लावू नका, तान्ह्या बाळाच्या हाताला-तोंडाला ते लागतं. आणि देताना बाळाच्या आईला सांगा की हे बाहेर नेताना घालायचं, घरात झोपवताना नाही, बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं आणि टोपी घालून झोपलं की फार गरम होतं.

देण्याआधी धुवा. कोमट पाण्यात थोडासा सौम्य साबण, चोळायचं नाही, नुसतं दाबायचं, पिळायचं तर नाहीच. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा म्हणजे पाणी निघतं. मग सावलीत, उशीच्या अभ्र्यावर आडवं पसरून, वर उलटी वाटी घालून आकार देऊन ठेवा. दोरीवर चिमट्याने लटकवू नका, लांबतं. नाशिकच्या थंडीत एक दिवस लागतो, मुंबईत दोन धरा.

गुंड्यात अजून पंधरा-वीस ग्रॅम लोकर उरली असेल, ती टाकू नका. पुढच्या आठवड्यात उलट टाका शिकलात की त्यातनं बाळाचे पायमोजे होतात. लायब्ररीचं पुस्तक परत करायला गेलात की दुसरं घेऊन या, या वेळी दोनशे पानांचं चालेल.